डोक्याच्या वर पदर आणि फूल

अनुसयाआक्का कुणाच्याही घरात शिरल्या की आधी वर बघायच्या. माणसं दारातून आत येताना समोरच्याचं तोंड बघतात, नाहीतर चहाचा अंदाज घ्यायला स्वयंपाकघराकडे डोकावतात. आक्कांची मान सरळ वर जायची. छत, पंखा, पोटमाळा, कपाटावर चढवलेली बॅग, भिंतीवरची तसबीर. सगळं एकदा नजरेखालून गेलं की मग विचारायच्या, "बरं हाय का?"

माझी त्यांची ओळखही तशीच झाली. नांदेडला बदली होऊन मला आठवडा झाला होता. पाटबंधारे खात्यात बदलीला नाही म्हणायची पद्धत नाही. बायको लातूरला शाळेत शिकवते, मुलगी दहावीत, तेव्हा सगळं बिऱ्हाड हलवण्यात अर्थ नव्हता. मी एकटाच आलो आणि गोदावरीच्या अलीकडच्या एका वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर, एक खोली, एक स्वयंपाकघर आणि त्याहून लहान बाल्कनी असा फ्लॅट भाड्याने घेतला. सामान म्हणजे लोखंडी खाट, गादी, गॅस आणि कॅलेंडर. घर जरा घरासारखं दिसावं म्हणून बायकोने निघताना एक लाकडी फळी बरोबर दिली होती. ती मी खाटेच्या उशाला, डोक्याच्या वर ठोकत होतो. ओठांत खिळा, हातात हातोडी.

दुसरा ठोका बसला तशी शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. पन्नाशीची, सडपातळ, पदर कमरेला खोचलेला, हातात अर्धवट निवडलेली कोथिंबिरीची जुडी.

"कोन झोपनार हाय हितं?"

"मीच," मी खिळा सांभाळत म्हणालो.

"मग सवताच्याच डोक्यावर का ठोकायलात?"

म्हटलं, पुस्तकं ठेवायचीत, झोपताना हाताशी राहतील. त्या आत आल्या, कोथिंबीर खाटेवर ठेवली आणि माझ्या हातातली हातोडी, मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तशी, काढून घेतली.

"मी भूकंपातली हाय, भाऊ. औशाच्या पुढं गाव. डोक्याच्या वर पदर आन् फूल. तिसरं काई ठिवायचं न्हाई."

लातूरकडच्या माणसाला कुणी 'भूकंपातली' म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. मी तेव्हा लातुरात शाळेत होतो. आमच्या घराच्या भिंतीला एक बारीक तडा गेला आणि आम्ही महिनाभर अंगणात झोपलो, एवढंच माझं दुःख. ते मी आयुष्यभर चारचौघांत मीठमसाला लावून सांगत आलो. आक्कांसमोर कधी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून माझं घर माझ्या हातात राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर दारात आंब्याच्या चार रिकाम्या पेट्या. मार्केटातून उचलून आणलेल्या, खिळे काढून, घासून ठेवलेल्या. "बाल्कनीत बसा आन् घासा ह्यानं," म्हणून हातात पॉलिशपेपर दिला. मी कारकून माणूस, फायलीवरची धूळसुद्धा फुंकर मारून काढणारा. पण बसलो. त्या पेट्या आडव्या मांडून, हार्डवेअरच्या दुकानात डब्याच्या तळाला उरलेला निळा रंग मागून आणून, आक्कांनी भिंतीकडेने गुडघाभर उंचीचं एक लांबलचक मांडण केलं. बायकोची फळी त्याच्यावर टाकली. त्यात पुस्तकं, रेडिओ, औषधाच्या गोळ्या, सगळं मावलं. खाटेचे पाय कापायला लावले आणि ती जमिनीपासून वीतभरच उंच ठेवली. खिडकीला सोयाबीनच्या बारदानाचा पडदा आला. बारदान सोड्याच्या पाण्यात तीनदा उकळलं की त्याचा वास जातो आणि रंग उजळून भाजलेल्या शेंगदाण्यासारखा होतो, हे ज्ञान मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी झालं. त्या पडद्याला खाली जुन्या इरकली लुगड्याचा काठ. दिव्यावर माहूरहून कुणीतरी आणलेल्या खणाचा तुकडा, काड्यांच्या चौकटीवर ताणून.

आणि गंमत अशी की खोली मोठी दिसायला लागली. सगळं खाली उतरल्यामुळे भिंती मोकळ्या झाल्या, छत वर गेल्यासारखं वाटलं. बायको सुट्टीला आली तेव्हा दारातच थांबली. म्हणाली, "हे तुम्ही केलंत?" मी चहाचं आधण ठेवायला आत गेलो. खोटं बोललो नाही, एवढंच.

आक्कांच्या सुनेने, पूजाने, त्या खोलीचे फोटो मोबाईलवर टाकले. 'कमी खर्चात छोटा फ्लॅट' अशा काहीतरी नावाने. पूजा हौशी पोरगी, देगलूरकडची, बोलताना मधेच एखादा तेलुगू शब्द टाकणारी. तिच्या भाषेत याला 'लो सीटिंग' म्हणतात आणि पुण्यामुंबईचे लोक त्यासाठी माणसं नेमतात. मग बिल्डिंगमधले लोक यायला लागले. आमच्याकडे करा, आमच्याकडे करा. आक्का जायच्या. वर बघायच्या, काय उतरवायचं ते बोटाने दाखवायच्या, आणि उतरवल्याशिवाय पुढचं बोलायच्या नाहीत. एकीने पितळी घोड्यांची जोडी काचेच्या शेल्फवर, सोफ्याच्या वर ठेवली होती, लग्नातली भेट. "हे वरच ऱ्हाऊ द्या ना आक्का, शो दिसतो," ती म्हणाली. आक्का चप्पल घालून निघाल्या. घोडे खाली आले तेव्हाच परत गेल्या.

त्यांना हसताना मी पाहिलं नाही, चिडतानाही नाही. कोथिंबिरीचा भाव आणि कुणाचं मरण, दोन्ही एकाच आवाजात सांगायच्या. पहिल्यांदा मला तो रुक्षपणा वाटला. मग वाटलं, स्वभाव. आता वाटतं की त्या आवाजाचा वर-खालीपणाच त्यांनी इतर सामानाबरोबर खाली उतरवून ठेवला होता.

ही कला कुठे शिकलात, असं मी एकदा विचारलं. बारदान शिवत होत्या. दाभण न थांबवता म्हणाल्या, "शेडात."

भूकंपानंतर लोकांना पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं. कुणाकडे काही नव्हतं, जे होतं ते मदतीत आलेलं. त्या मदतीच्या धान्याच्या पोत्यांचे आक्कांनी पडदे केले, कारण एका पत्र्याखाली चार घरं होती आणि बायकांना लुगडं नेसायला आडोसा नव्हता. मग पोत्याच्या सुताची झालर. मग दुधाच्या पिशव्यांच्या चटया. मग खोक्यांचे पुठ्ठे पत्र्याला आतून लावले, ऊन कमी लागावं म्हणून, आणि त्यावर चुन्याची बोटं उठवली. "बघायला सायेब लोक यायचे," त्या म्हणाल्या. "फोटू काढायचे. म्हनायचे, किती हौस हाय बाईला. हौस कसली भाऊ, हाताला काम पायजे व्हतं."

त्यांची सगळ्यात गाजलेली वस्तू म्हणजे बाटली. काचेची रिकामी बाटली, तिच्यावर रंगाची नक्षी, काठाला काथ्या गुंडाळलेला, आणि ती स्टीलच्या ताटलीत उलटी, तोंडावर उभी केलेली. बिल्डिंगच्या जवळजवळ प्रत्येक घरात एक होती. बाटल्या रफीकचाचा आणून द्यायचे, भंगारवाले. त्यांचं घराणं नांदेडातलं जुनं, भंगारातही निवड करणारे. सपाट खांद्याच्या, जाड बुडाच्या बाटल्या ते वेगळ्या काढून ठेवत. "ये लो आक्का, तुमचा माल," म्हणत हातगाडी खाली उभी करायचे. साहजिकच त्या बाटल्या औषधाच्या नसत. एकदा रफीकचाचा आजारी पडले तेव्हा आक्का थेट घरोघर मागायला निघाल्या. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांचं दार वाजवून, जिन्यात चार माणसं उभी असताना, म्हणाल्या, "सर, तुमच्याकडं रिकाम्या असतील की." सर आठ दिवस जिन्यात दिसले नाहीत. पण नवव्या दिवशी आक्कांच्या दारात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा बाटल्या सापडल्या.

लोकांना ती शोभेची वस्तू वाटायची. मला देताना आक्कांनी सरळ सांगितलं. शेडात असताना धक्के चालूच होते, आणि झोपेत कळावं म्हणून लोक बाटली अशी उलटी उभी करून ठेवायचे. जमीन हलली की ती आधी पडते, ताटलीत वाजते, माणूस उठतो.

"पण आक्का, ही तर दार आपटलं तरी पडते." हे अनुभवाचे बोल होते. माझी बाटली दिवसातून दोनदा पडायची.

"पडू द्या. परत उभी करा. येक पडली तर दार आपटलं म्हनायचं. दोन घरच्या पडल्या तर उठायचं." मग दाभण केसांत खोचून म्हणाल्या, "येकल्या बाटलीचा काय भरवसा? म्हनून तर समद्यांला दिल्या."

मी बिल्डिंगकडे नव्या नजरेने पाहिलं. चोवीस फ्लॅट, अठरा-एकोणीस बाटल्या. लोक त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते, कुणी त्यांच्यावर मुलांची नावं रंगवून घेत होतं, आणि ही बाई त्या सगळ्यांना न विचारता राखणीला बसवून मोकळी झाली होती.

धाकट्या बहिणीची, लताची गोष्ट त्यांनी मला एका रविवारी सांगितली. मी पुरण भरलेलं काहीतरी आणून दिलं होतं, बायकोने पाठवलेलं. ते खाताखाता, काही कारण नसताना, सांगितली.

गणपती बुडवून लोक त्या दिवशी उशिरा झोपले होते. आक्का तेव्हा एकोणीस वर्षांच्या, लग्न ठरत आलेलं, पितृपक्ष लागायच्या आधी, दुसऱ्याच दिवशी पाहुणे यायचे होते. म्हणून त्यांनी घरातली सगळी पितळी भांडी चिंचेने घासली. हंडा, कळशी, तांबे, परात. आणि भिंतीतल्या फळीवर ओळीने मांडली. ती फळी दाराच्या समोर होती, दार उघडलं की उजेड बरोबर तिच्यावर पडायचा आणि भांडी चमकायची. तिच्याखाली सहा वर्षांची लता झोपायची. आई म्हणाली, खाली ठेव गं, पोरगी झोपती तिथं. आक्का म्हणाल्या, पाव्हणे येऊन गेले की काढते.

"पहाटं आलं," आक्का म्हणाल्या. "मी भायेर कशी आले, मला ठावं न्हाई. भायेर आल्यावर बघितलं तर हातात तांब्या. फळीवरचा. पायाशी पडला आसंल, म्या उचलला आसंल. लता तिथंच व्हती, तांब्याच्या बाजूला. म्या तांब्या उचलला."

मी काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, की तेव्हा सगळं माळवदच खाली आलं होतं, दगडमातीचं छत, फळीचा काय दोष.

"तेच समदे म्हनत्यात. फळीनं गेली का माळवदानं, कोन सांगनार? आईबी गेली, इचारावं कुनाला?" त्यांनी ताटलीतला शेवटचा घास संपवला, बोट पुसलं. "तांब्या हाय अजून. पेटीत हाय. वापरत न्हाई. परत झालं तर माझ्या हातात काय आसंल, येवढंच बघायचं हाय मला. बाकी काई न्हाई."

ऐकताना मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं, मी वाट पाहत बसलो, पण आत सगळं सुन्न. त्यांच्याच आवाजाची लागण झाल्यासारखं. त्या ताटली धुऊन देऊन गेल्या आणि मी कितीतरी वेळ माझ्या मोकळ्या भिंतीकडे बघत राहिलो.

तर अशा बाईच्या स्वतःच्या घरात पूजाला पलंगाच्या वर कपाट हवं होतं.

यात पूजाला दोष देता येणार नाही. तिच्या लेकीचा, चिऊचा जन्म झाल्यापासून घरात कपडे, दुपटी, खेळणी यांचा महापूर आला होता. तीन मोठी माणसं, एक तान्हं आणि एक खोली. गुडघ्याच्या खाली जेवढं मांडता येईल तेवढं मांडून झालं होतं, आणि आता तर चिऊ रांगायला लागल्यामुळे गुडघ्याखालचं सगळं तिच्या तोंडात जात होतं. आक्कांचा मुलगा संतोष इलेक्ट्रिशियन. तो बायको आणि आई यांच्यामध्ये, कुठली वायर जिवंत आहे हे न कळलेल्या माणसासारखा, हात मागे घेऊन उभा राहायचा.

"अत्ती, चार इंची बोल्ट मारतात," पूजा सासूला समजावायची. "आर.सी.सी.ची बिल्डिंग आहे. काही होत नाही."

"पलंग सरकव मग."

"कुठं सरकवू? इकडं दार, इकडं मोरी."

आक्का भांडल्या नाहीत. एका गुरुवारी सुतार आला, कपाट लागलं, पांढरं, गुळगुळीत, दोन दारांचं. पलंगाच्या बरोबर वर. पलंगावर पूजा आणि चिऊ झोपायच्या. आक्कांनी त्या दिवशी आपली सतरंजी उचलली आणि उंबऱ्याला लागून आतल्या बाजूला टाकली. पाय दाराकडे नाही, डोकं दाराकडे. तिथून पलंग दिसतो म्हणून. त्या दिवसापासून दार अर्धवट उघडंच राहायला लागलं. पूजा माझ्याकडे रडली. लोक काय म्हणतील, सासूला दारात झोपवते म्हणून. मी म्हटलं, लोकांना कळत नाही, तुला कळतं ना? ती म्हणाली, "मलाबी नाही कळत, सर. तीस वर्षं झाली त्याला."

मग पूजाने एक गोष्ट केली. घरातली उलटी बाटली चिऊच्या रांगण्याने सारखी पडायची, तिच्या आवाजाने तीच दचकून रडायची. पूजाने एक दिवस ती ताटलीला चिकटवून टाकली. खेळणी चिकटवायच्या त्या डिंकाने, पक्की. आक्का भाजी आणायला गेल्या होत्या. तिने मला हे सांगितलं आणि वर म्हणाली, सांगू नका. मी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं. पण शेजाऱ्याने किती घरात शिरावं, याचा हिशेब मी आयुष्यभर स्वतःला सोयीचा असाच केला आहे.

त्या सकाळी मी दूध तापवत होतो. सहा-सव्वासहा झाले असतील, बाहेर नुकतं उजाडलेलं. माझी बाटली ताटलीत पडली. ठण्ण. मी नेहमीप्रमाणे पाहिलंही नाही. मग वरच्या मजल्यावर एक ठण्ण. मग खाली. मग कुठे कुठे ते कळेना. सगळी बिल्डिंग वाजली, लग्नात पंगत उठताना ताटं गोळा करावीत तशी. पायाखालून काहीतरी सरकत गेलं. पंखा बंद होता आणि तो हलत होता.

त्यानंतर मला आठवतंय ते खालचं आवार. माणसं, टॉवेल गुंडाळलेले, ब्रश तोंडात धरलेले, मुलांना ओढत आणणारे. रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगमधले लोक नुकते कुठे खिडकीतून डोकावून विचारत होते, काय झालं, काय झालं. जमीन केव्हाच थांबली होती. मुख्याध्यापक म्हणाले, "सौम्य धक्का. काही पडलं नाही." आणि सगळ्यांबरोबर मीही हसलो. तेव्हा माझं लक्ष गेलं. माझ्या दोन्ही हातांत दुधाचं पातेलं होतं. चिमट्याने धरलेलं, अर्ध्या लिटरचं, साय आलेलं. तीन जिने मी ते न सांडता उतरून आलो होतो. खाटेशेजारी मोबाईल होता, पाकीट होतं, चष्मा होता. मी पातेलं उचललं होतं.

आक्का जिन्यातून सगळ्यांत शेवटी आल्या. कडेला चिऊ, दुपट्यात पूर्ण गुंडाळलेली, डोक्यावर आक्कांचा हात पसरलेला. मागून पूजा, ओल्या केसांची, मोरीतून तशीच धावलेली, रडत. काय झालं ते नंतर तिनेच सांगितलं. संतोष कामावर गेलेला, ती नहात होती, आणि घरातली बाटली तर ताटलीला धरून उभीच होती. आक्कांनी माझी ऐकली, भिंतीतून. मग वरची ऐकली. एक पडली तर दार, दोन पडल्या तर उठायचं. त्या दाराशी झोपलेल्या होत्या, दार उघडं होतं, एक पाऊल टाकलं असतं तर बाहेर. त्या उठून आत गेल्या, त्या कपाटाखाली वाकल्या, चिऊला उचललं, मोरीचं दार वाजवलं आणि पूजा बाहेर येईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

"द्या अत्ती," पूजा हात पुढे करत म्हणाली. आक्कांना हात सोडवता येईनात. सोडायचे नव्हते असं नाही, बोटं उघडत नव्हती. पूजाने एकेक बोट उलगडून पोर घेतलं. चिऊ झोपलेलीच होती. मग आक्का आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिल्या आणि नंतर त्यांनी माझ्याकडे, माझ्या पातेल्याकडे पाहिलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "आक्का, हे मी कधी उचललं मला माहीत नाही."

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "ठिवा खाली, भाजंल. आसंच व्हतं. त्या वक्ताला माणूस बघून उचलत न्हाई, भाऊ. हाताला लागंल ते येतं."

त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं, जसं काही मीच लहान आहे आणि माझ्या हातून पेला फुटला आहे. मी पातेलं पायरीवर ठेवलं.

"मग तांब्याचंही तसंच की, आक्का," मी म्हणालो.

त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि पायरीवर, पातेल्याशेजारी, बसल्या. लोक चहाला पांगले, रफीकचाचांची हातगाडी आली, "सब खैरियत?" विचारून गेली. त्या बसूनच होत्या. ऊन पायरीवर आल्यावर पूजाने हाताला धरून वर नेलं.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी माझी बदली परत लातूरला झाली. या काळात आक्का माझ्याकडे दोनदाच आल्या, आणि दोन्ही वेळा वर बघायला विसरल्या. मी ते बायकोला फोनवर सांगितलं. तिला त्यात काय सांगण्यासारखं आहे ते कळलं नाही.

जायच्या दिवशी सामानाचा टेम्पो पुढे गेला. निळ्या पेट्या मी बरोबर घेतल्या, पडदा खोलीत येणाऱ्या पुढच्या माणसासाठी ठेवला. घरमालकाला द्यायची किल्ली आक्कांकडे ठेवून निघायचं, असं ठरलं होतं. दुपारचे बारा-साडेबारा झाले असतील. शेजारी गेलो तर दार लावलेलं. इतक्या महिन्यांत मी ते दार पहिल्यांदा लावलेलं पाहिलं. हळूच वाजवलं. पूजाने उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

उंबऱ्यापाशी सतरंजी नव्हती. पांढरं कपाट भिंतीवरून उतरवून जमिनीवर, पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेलं होतं, दोन्ही दारं चिऊने उघडू नयेत म्हणून दोरीने बांधलेली. हे पूजानेच धक्क्याच्या दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून करून घेतलं होतं. कपाटावर, गुडघाभर उंचीवर, एक पितळी तांब्या होता. एका बाजूने चेपलेला, चिंचेने घासून लख्ख केलेला. त्यात पाणी आणि पिवळ्या शेवंतीची चार फुलं. उलटी बाटली कुठे दिसली नाही.

आणि पलंगावर, भिंतीकडे तोंड करून, चिऊच्या पाठीवर हात टाकून, आक्का झोपलेल्या होत्या. भर दुपारी. तोंड थोडं उघडं, एक पाय पलंगाच्या बाहेर, बारीक घोरत होत्या. रस्त्यावरून एक ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली. त्या हलल्या नाहीत.

"हल्ली अशाच झोपतात, सर," पूजा कुजबुजली. "सकाळी जेवल्या की झोपतात, चहा घेतला की झोपतात. डॉक्टरला दाखवू का म्हणतात हे. उठवू? तुम्ही निघालात म्हणून सांगते."

मी नको म्हणून मान हलवली. किल्ली तांब्याशेजारी ठेवली, बाहेर येऊन दार ओढून घेतलं, आणि आवाज नको म्हणून चपला हातात घेऊन तीन जिने उतरलो.